हिरवा दिवा

"आई, ऑफिस तीन महिने बंगळुरूला बोलावतंय, जाऊ?" असं सुनेने, निशाने, विचारल्यापासून वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या कमळबाई विषय टाळत होत्या. शेवटी बोंबील साफ करता करता त्यांनी निशाच्या लॅपटॉपवर सुरी रोखली.

"ह्यात करतेस तरी काय गं दिवसभर?"

"ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर इथून सांभाळते. विंडोजवाले सांगेन ते सगळं करतात. मॅकला नुसतं कुलूप घालता येतं. आणि लिनक्सवाल्यांवर माझं काहीच चालत नाही, चालू असले की हिरवा दिवा दिसतो, बस."

कमळबाई खो खो हसल्या. "हे तर माझंच घर! तुझा सासरा ऊठ म्हटलं की उठतो. तुझ्या नवऱ्याचं नुसतं तोंड बंद करता येतं."

"आणि मी?"

"तू ती तिसरी. जा बंगळुरूला. रोज हिरवा दिवा तेवढा दिसू दे."