सुताराच्या घरचं दार

किल्ली फिरवली की जाड दांडा थेट चौकटीत शिरतो, तशी डेडबोल्ट कुलपं सुतार शहरभर बसवत फिरायचा. त्याच्या हातचं काम म्हटलं की लोक निर्धास्त झोपायचे. पण दिव्याखाली अंधार! त्याच्या स्वतःच्या दाराची कडी सहा वर्षं दोरीनं बांधलेली होती. बायकोनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "या रविवारी नक्की."

एके सकाळी तो काम करायचा त्या कुलपांच्या दुकानाच्या मालकानं कामाची चिठ्ठी हातात दिली आणि सुतार ओशाळला. पत्ता त्याच्याच घराचा होता.

हत्यारांची पिशवी घेऊन त्यानं आपल्याच घराची बेल वाजवली. बायकोनं दार उघडलं. "या मिस्त्री. चपला बाहेर काढा."

"हो बाई," तो हसू दाबत म्हणाला.

मग त्यानं जीव ओतून काम केलं. बिजागरीतून लोंबणारं दार आधी उचलून धरलं, दांडा पुरता आत जाईल इतकं चौकटीतलं भोक कोरलं, भोकावरच्या लोखंडी पट्टीला बोटभर लांब स्क्रू मारले. बायको स्टूल ओढून शेजारीच बसली. कित्येक महिन्यांनी दोघं पोटभर बोलली, पोटभर हसली.

तासाभरात दांडा अलगद सरकू लागला. सुतारानं पिशवी आवरली. "झालं बाई. निघतो आता, पुढची कामं खोळंबली असतील."

बायकोनं आतून दांडा लावला आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली.

"निघालात कुठं? मी दुकानात दिवसभराचं काम सांगितलंय."