मागचे केस

“मान खाली घाल,” आई म्हणाली.

तिनं घातली. दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी न्हाणीघराच्या दारात स्टूल ठेवून, खांद्यावर जुना टॉवेल टाकून ती अशीच बसायची. पुढचे केस ती आरशात बघून स्वतः रंगवायची, मागचे आईकडे. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घरातलं एवढंच एक काम आईच्या हातात उरलं होतं, त्यामुळे त्या बाबतीत तिचा तोरा काही औरच असायचा. वाटीत रंग कालवताना कुणी मध्ये बोललेलं तिला खपत नसे.

“आज लवकर कशी?”

“सोडलं लवकर.”

खरं तर दुपारी तिला काउंटरवरून काढलं होतं. एका मोठ्या दुकानातल्या परफ्यूमच्या काउंटरवर ती चौदा वर्षं उभी होती. उभीच, कारण बसलेली बाई म्हणे गिऱ्हाइकाला आळशी दिसते. तोंड गिऱ्हाइकाकडे आणि पाठीमागे भिंतभर आरसा. आज मॅनेजरनं तिला बाजूला घेतलं आणि मोबाइल पुढे धरला. फोटोत तिचं डोकं मागून दिसत होतं. कडेनं काळेभोर केस आणि मधोमध तळहाताएवढी जागा पांढरीफटक. इतके दिवस गिऱ्हाइकं तिच्याशी बोलता बोलता तिच्या मागे काय बघत होती, ते तिला तेव्हा कळलं.

“तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही, मावशी,” मॅनेजर म्हणाली. “पण सोमवारपासून तुम्ही मागं गोदामात बसा. लेबलं चिकटवायची, बाकी काही नाही.”

सकाळपर्यंत ती ‘मॅडम’ होती. मॅनेजर अठ्ठावीस वर्षांची. आत्तापासूनच कपाळाला सुया टोचून घेते, त्यामुळे वाईट वाटलं तरी आठी उमटत नाही. आजही उमटली नाही.

आईला खरं काय ते तोंडावर सांगायचं, असं ठरवूनच ती घरी आली होती. तुला दिसत नाही आई, तुझ्यापायी माझी जागा गेली. जिना चढताना वाक्यं तोंडात घोळवून झाली होती. दार उघडलं तर आईनं स्टूल मांडून, टॉवेल झटकून तयार ठेवलेला. बहुधा दुपारपासूनच.

“सोमवारपासून मला बसून काम आहे,” ती खालमानेनंच म्हणाली. “खुर्ची देणार आहेत.”

आईचा ब्रश थांबला. “खुर्ची? चला, शेवटी कदर झाली म्हणायची.”

“मॅनेजर मला ‘मावशी’ म्हणाली.”

“मग? मान देऊन बोलते की पोरगी.” आई खुशीत आली. “बेचाळिसाव्या वर्षी मला पहिली पांढरी बट आली आणि तुझ्या आजीनं त्याच दिवशी ओट्यापुढून उठवलं मला. म्हणाली, खूप राबलीस, आता तू बस, धाकट्या जावा बघतील. तेव्हापासून मला विचारल्याशिवाय घरात पान हललं नाही. तुझंच घोडं इतकी वर्षं अडलं होतं.”

तिला ते वर्ष आठवत होतं. आईनं एका दुपारी आपले सगळे रंगीत कपडे धाकट्या जावांना वाटून टाकले होते, आणि कॉलेजातून आलेली ती चिडून म्हणाली होती, मी नाही बाई अशी म्हातारी होणार. शब्द खरा झाला. आता त्रेपन्नाव्या वर्षी तिला म्हातारं व्हायची मुभाच नव्हती. आज तो फोटो बघताना तर चोरी पकडली जावी तशी लाज वाटली होती. त्या लाजेची तिला चीड आली. आईचा हेवाही वाटला, आणि तो हेवा चिडीपेक्षा कडू होता.

ब्रशचा गार स्पर्श एका कानामागून वर गेला, वळला आणि दुसऱ्या कानामागे उतरला. मधली जागा कोरडीच राहिली. इतक्या वर्षांत तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं, आज लक्ष देऊन बसली होती म्हणून कळलं.

“कुठं राहिलंय का गं?” आईनं विचारलं. असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं. आवाज जरा घाबरल्यासारखा होता.

गोदामात खुर्चीच्या मागे नुसती भिंत होती. ती दुपारीच बघून आली होती.

“नाही,” ती म्हणाली. “नीट लागलाय.”

“लागणारच. खुर्चीवर बसणारी बाई नीटनेटकी दिसायला हवी,” आई म्हणाली आणि वाटीत उरलेला रंग पुन्हा कानामागच्या काळ्या केसांवरच लावू लागली.