आडवी काठी

चाळिशीतल्या शिवशंकरला बापाची किळस आल्ती. आबाराव दारात आले की खुट्यावानी उभे राह्यचे, पाय उठायचा न्हाई, हनुवटीवरून लाळ गळायची. मंग आई मेंढरं हाकायची काठी पुढ्यात आडवी टाकायची, की म्हातारा तिच्यावरून टांग टाकून बराबर आत.

"काठी ओलांडता येते अन् कोरी फरशी न्हाई? निव्वळ नाटकं," शिवशंकर थुंकल्यावानी बोलायचा.

जालन्याच्या डॉक्टरनं आबारावांना तपासलं अन् शिवशंकरला समोर बसवून सांगितलं, "मेंदूतल्या एका रसाच्या जोरावर पाऊल सुरू होतं. यांचा तो रस आटलाय. आडवं काही दिसलं, की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो. यात नाटक काही नाही."

घरी आले अन् आबाराव पुन्हा दारात अडकले. आई रानात गेल्ती, काठीबी तिच्याचसंगं. शिवशंकरला आता सवताचीच किळस येऊन राह्यली होती. तो खाली बसला अन् त्यानं बापाच्या पुढ्यात आपलाच पाय आडवा पसरला.

"आबा, ओलांडा."

चौकट धरून आबारावांनी पाऊल उचललं. उचललेलं पाऊल त्यांनी तसंच माघारी घेतलं.

"पाय काढ," ते म्हणाले. "लेकराला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते."