जावयाचं जेवण

सासूच्या दारात येऊन जावयाने पाण्याच्या तांब्यालासुद्धा शिवू नये, असला माज गोदूबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मुलांच्या उन्हाळी शिबिरांना परवाना देणारा साहेब झाला म्हणून काय झालं? प्रविण पेणहून आला तो थेट नदीवर गेला, आणि वाढलेलं ताट तसंच राहिलं. नदीकाठचं ते शिबिर गोदूबाईंच्या लेकाचं, निकेशचं, म्हणजे घरातलंच काम.

गेल्या मे महिन्यात हाच जावई किती गुणाचा होता. "नदी काय पळून जातेय? आधी जेवा," म्हणत गोदूबाईंनी त्याला पुरणपोळी आणि आमरस आग्रह करकरून वाढला. तो ओटीवर घोरला आणि उठल्यावर तिथेच परवान्यावर सही करून गेला. त्याच आठवड्यात शिबिरातला निडी गावचा आदेश नावाचा पोरगा डोहात बुडता बुडता वाचला. काठावर ना दोर होता, ना पोहणारा माणूस. ते पोर अजून आंघोळीच्या पाण्यालाही घाबरतं, हे कानावर आलं की गोदूबाईंच्या घशाखाली घास उतरत नसे.

प्रविण नदीवरून घामाघूम होऊन परतला.

"यंदाही दोर नाय, माणूस नाय. परवाना मिळायचा नाय," तो निकेशला म्हणाला.

निकेशने आईकडे पाहिलं. आता ही जावयाची सालटी काढणार, याची त्याला खात्री होती.

 

गोदूबाई म्हणाल्या, "जावईबापू, माझा हा अपमान तुमी गेल्या सालीच करायला पायजे व्हता."