उपचार करणारे डॉक्टर

“बाजूला व्हा,” ज्युनिअर डॉक्टर म्हणाली आणि तिने तिसरा शॉक दिला. ट्रॉलीवरचा देह उसळला आणि पुन्हा पडला. पडद्यावरची रेघ क्षणभर सपाट राहिली, मग नाइलाजाने आल्यासारखे ठोके येऊ लागले. ट्रॉलीवर तातडी विभागाचे प्रमुख होते. सगळे त्यांना सर म्हणत. सकाळच्या राउंडला, तीन नंबरच्या खाटेशी, सिस्टरला झापता झापता ते कोसळले होते. आता तीच सिस्टर त्यांच्या नाकावर ऑक्सिजनचा मास्क धरून उभी होती.

त्यांची छाती दाबून दाबून ज्युनिअर डॉक्टरचे खांदे भरून आले होते. पण बसायला उसंत नव्हती. हृदयाचा आलेख काढला. रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन द्यायचे की नाही, हे विचारायला कुणी नव्हते. विभागात डॉक्टर दोनच आणि त्यातले एक आडवे. तिने इंजेक्शन दिले. दुपारी सरांचा रक्तदाब जाग्यावर आला तेव्हा विम्याचे कागद भरणारे क्लेमवाले काका दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, सरांचं योजनेचं कार्ड लागेल. त्यांच्या टेबलाच्या खणात असतं.”

योजना म्हणजे सरकारी आरोग्य विमा. त्याचा नियम साधा होता. ज्या डॉक्टरला योजनेचा नंबर, त्याच्याच उपचारांचे पैसे मिळणार. तिला इथे लागून अकरा महिने झाले होते आणि नंबर आला नव्हता. पण झटका आलेला माणूस डॉक्टरचा नंबर विचारून येत नाही, आणि आलेल्याला परतही पाठवता येत नाही. म्हणून विभागात एक वहिवाट पडली होती. उपचार ती करायची आणि ‘उपचार करणारे डॉक्टर’ या रकान्यात काका सरांचा नंबर टाकायचे. अकरा महिन्यांत साप चावलेले, भाजलेले, विहिरीतून काढलेले, सगळे कागदोपत्री सरांनी वाचवले. दर केसमागचे मानधनही सरांच्या खात्यात. तिने विचारले की सर म्हणायचे, “वर अडकलंय गं बाळ. सरकारी काम आहे, धीर धर.” ती धीर धरायची. आई रोज फोनवर विचारायची, “आला का गं नंबर?” आता धीर धरायलाही दोनच दिवस उरले होते. शनिवारी तिचा करार संपत होता. नंबर नसेल तर निदान अर्ज पुढे गेल्याची पावती आणा, नाहीतर करार वाढणार नाही, असे व्यवस्थापनाने स्वच्छ कळवले होते.

तिने खण उघडला. कार्ड वरच होते. त्याच्या खाली तिचाच फोटो होता. फोटो अर्जाला चिकटवलेला. नोंदणीचा अर्ज, तिच्या सहीचा, अकरा महिन्यांपूर्वीच्या तारखेचा. खाली विभागप्रमुखांच्या सहीची जागा कोरी होती.

वर काहीच अडकले नव्हते. या खणात अडकवले होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कागद सकाळी सापडला असता, तर आपण तिसरा शॉक दिला असता का? दिला असता. याचाच तिला जास्त राग आला.

काकांनी कार्ड घेतले आणि सवयीने रकाने भरत गेले. ‘उपचार करणारे डॉक्टर’पाशी बोटे आपोआप चालली आणि सरांचा नंबर पडला. कॉम्प्युटरने तो परत फेकला. पडद्यावर लाल अक्षरे आली, ‘रुग्ण आणि उपचार करणारे डॉक्टर एकच आहेत.’

काकांनी चष्मा काढला. “आता हो? दुसरा नंबर तर आपल्याकडे नाहीच.”

तिने तो अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी पाहिला. त्यांना नवल वाटलेले दिसले नाही.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला पण घरदार आहे, मॅडम,” काका म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर शुद्धीवर होते. उशीला टेकून चहा पीत होते. काकांनी आधी बिल पुढे केले. आकडा पाहून सरांनी कप खाली ठेवला.

“हे मला कशाला? योजनेत टाका ना.”

“टाकलं सर, घेत नाही. तुम्ही स्वतःलाच वाचवलंत, असं होतंय,” काका चाचरत म्हणाले. मग त्यांनी अर्ज पुढे सरकवला. “मॅडमच्या नावावर जाऊ शकतं. तुमची सही झाली की चार दिवसांत नंबर येतो. आणि लागू होतो तो सहीच्या तारखेपासून.”

सर अर्जाकडे बघत राहिले. तिच्याकडे बघायचे त्यांनी टाळले. तिला वाटले, निदान आता तरी ओशाळतील. सरांनी खिसा चाचपला, पण अंगात रुग्णाचा झगा होता. काकांनी आपले पेन दिले.

“कामाच्या रगाड्यात राहून गेलं बघ, बाळ,” सर म्हणाले. “मी असं करतो, अकरा महिन्यांपूर्वीची तारीख टाकतो. म्हणजे हे बिलही निघेल आणि तुझीही सोय होईल.”

सही नीट व्हावी म्हणून तिने कागद दोन्ही बाजूंनी घट्ट धरला.

“आजची तारीख टाका, सर,” ती म्हणाली. “आजपर्यंत मी इथं कुणावरच उपचार केलेले नाहीत.”