सुटलेला सराव

एकसष्टाव्या वर्षी नंदाने पुन्हा घोड्यावर मांड ठोकली, ती सिंगापूरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये. लेकीने हौसेने नाव घातलं होतं. “कॉलेजात एनसीसीत असताना चांगली बसायचे, पण लग्न झालं आणि सराव पार सुटला,” असं तिने शिकवणाऱ्या मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं. कुंपणाबाहेरच्या बाकावर नवरा, गणपतराव, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले होते. बायको पडलीच, तर ते बघायची त्यांची छाती नव्हती.

घोडा ढिम्म हलेना.

“आंटी, यूज लेग लाह,” ती मुलगी तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. नंदाने टाचा दाबल्या, लगाम सैल सोडला. घोडा डोळे मिटून उभाच. आपलं शरीर सगळं विसरलंय, असं वाटून तिला अगदी रडू यायला लागलं. तेवढ्यात कुठूनसं आठवल्यासारखं तिच्या जिभेने आपण होऊन टाळ्यावर टॉक-टॉक केलं. कॉलेजातला घोडा याच आवाजावर निघायचा.

याही घोड्याने कान टवकारले आणि निमूट पाऊल उचललं.

कुंपणाबाहेर गणपतरावांनी मोबाइल खिशात टाकला, पाण्याची बाटली पिशवीत कोंबली, पिशवी खांद्याला लावली आणि मान खाली घालून तेही चालू लागले.

“अहो, तुम्ही बसा,” नंदा घोड्यावरून म्हणाली, “हे घोड्याला होतं.”