प्रेमळ पती, आदर्श पिता

पहिला स्क्रू सहज निघाला. दुसरा काही केल्या हलेना. थोरलीने दात-ओठ खात स्क्रूड्रायव्हर पिरगाळला, तसा तो निसटला आणि पितळी पाटीवर सर्रकन ओरखडा उठला. तिला बरं वाटलं. शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात तिचा हात बसलेला होता, पण आज तिला सफाईची पर्वा नव्हती.

चर्चच्या मागची ही बाग मृतांच्या आठवणीसाठी होती. भिंतीवर ओळीने पाट्या, खाली गुलाबाची रोपं, कोपऱ्यात पवित्र मरियेचा पुतळा. वडिलांची पाटी धाकट्या भावाने लावून घेतली होती. नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि खाली ठसठशीत अक्षरं : 'प्रेमळ पती, आदर्श पिता'.

आदर्श म्हणे! रविवारी चर्चमध्ये मिस्सेला हा माणूस पहिल्या बाकावरून खड्या आवाजात गायचा. फादर त्याचं तोंड भरून कौतुक करायचे. आणि एकदा मिस्सेहून घरी आल्यावर, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने आईच्या अशी कानशिलात लगावली, की तिचा डावा कान कायमचा गेला. थोरली तेव्हा टेबलाखाली होती, धाकट्याचं तोंड हाताने दाबून. तो तान्हाच होता. त्याला काय आठवणार?

अंत्यविधीला ती आली नव्हती. आज आली ती मावशीच्या बोलण्यामुळे. मावशी फोनवर म्हणाली होती, "तुझी आई रोज बागेत जाऊन बसते गं. फार जीव होता तिचा त्यांच्यावर." ऐकून थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली होती.

"अगं, काय करतेयस? ह्यांची पाटी आहे ती!"

आई मागे येऊन उभी होती.

थोरली मुद्दाम तिच्या उजव्या कानाशी गेली. आज आईला ऐकू जायलाच हवं होतं.

"रोज येऊन रडतेस ना इथे? त्याच्यासाठी? काहीच कसं वाटत नाही गं तुला? या पाटीवरचं एक अक्षर तरी खरं आहे का, सांग मला!"

गुलाबांना पाणी घालणारी सिस्टर झारी तिथेच ठेवून आत निघून गेली.

आईने मुलीच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच काढून घेतला. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता.

"रडायला कोण येतंय? घरात जिना वाजला ना, की अजून वाटतं, तोच आला. मग उठते, इथे येते आणि तो मेल्याची तारीख वाचते. तेवढी खरी आहे."